लाइन बॉक्समधला बीकन

अण्णा,

तुमच्या लाइन बॉक्समध्ये, गार्डाच्या त्या पेटीत, सध्या तुमचं काहीच नाही. तुमची फुटक्या काचेची हातबत्ती आणि विरलेले दोन झेंडे मी काढून कपाटावर ठेवलेत आणि त्या जागी एक पिवळं यंत्र ठेवलंय, कोरड्या टॉवेलात गुंडाळून. झाकण लावलंय, कडी घातलीय, वर कडीत सुतळी ओवलीय. तुम्ही असता तर आधी सुतळीची गाठ ओढून बघितली असती आणि मग विचारलं असतं, "कुनाचं हाय हे? आन् हितं काय करतंय?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, दुसऱ्याचं माझ्याकडे धड नाही. म्हणून सकाळची भांडी तशीच ठेवून लिहायला बसलेय. हे बाहेर स्कूटर पुसतायत. पुसू देत.

तुमचा नातू, तुम्ही गेलात तेव्हा रांगत होता आणि तुमच्या शिट्टीची दोरी चोखत बसायचा, तो आता समुद्रावर असतो. सोलापुरात वाढलेल्या पोराला समुद्राचं खूळ कुठून लागलं, देव जाणे. आमच्याकडे नळाला पाणी यायचं असलं की माणसं लग्नं सोडून घरी थांबतात. या पोरानं इंजिनाचा डिप्लोमा केला, मित्राबरोबर मालवणला फिरायला म्हणून गेला आणि तिकडेच राहिला. पर्यटकांना आत खडकांपाशी नेणारी एक बोट आहे, तिचं इंजिन आणि जीव वाचवायचं सगळं सामान याच्या ताब्यात. बोटीचा मालकच ती चालवतो. मी म्हटलं, अरे, आपल्यात कुणी पाण्यात गेलं नाही. तर म्हणतो, "आजोबा रोज कुर्डुवाडीतनं निघायचेच की. ते कुठं रोज दिसत होते तुला?" तुमचा दाखला दिला की माझं तोंड बंद होतं, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

तो घरी आला की मी त्याच्या बॅगेतलं लाइफ जॅकेट बाहेर काढते. तुम्हाला माहीत नसेल, मी आता शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात तपासनीस आहे. दिवसभर शर्टांच्या शिवणी ओढून बघायच्या, उसवली की बाजूला टाकायची. तर मी त्याचं ते नारिंगी जॅकेट उलटं करते आणि एकेक टाका ओढते. "आई, त्याची तपासणी झालेली असते," तो वैतागतो. असेल. माझी व्हायची असते. मागे एकदा खांद्याच्या पट्ट्याचा टाका मला सैल वाटला तर मी वरून आणखी दोन ओळी मारल्या, आणि त्याने ते जॅकेट बोटीवर बाजूला ठेवून दुसरं घेतलं, असं मला नंतर कळलं. वरून सुई मारलेलं जॅकेट चालत नाही म्हणे. मदत करायला जावं आणि हे असं होतं माझं.

त्यानेच मला सगळं समजावून सांगितलं होतं. हातात धरून पेटवायची लाल जाळाची नळकांडी असतात, दिवसा सोडायचा नारिंगी धूर असतो, रेडिओ असतो. मला ऐकताना सारखे तुम्ही दिसत होता, तुमचा लाल झेंडा, रात्रीची लाल बत्ती, आणि रुळावर बांधायचे ते फटाके, ज्यांच्या आवाजाने मागच्या गाडीच्या ड्रायव्हरने समजून घ्यायचं की पुढे कुणीतरी अडकलंय. आणि सगळ्यांत शेवटचा म्हणजे हा पिवळा बीकन. हातभर उंचीचा डबा, वर दांडीसारखी अँटेना. बोट बुडाली, हा पाण्यात पडला की आपोआप सुरू होतो, आकाशातल्या सॅटेलाइटला कळवतो, तिथून मुंबईच्या बचाव केंद्राला कळतं आणि माणसं शोधायला निघतात. मी विचारलं, "आणि ते आधी कुणाला सांगतात?" म्हणाला, "नोंदणीत मालकाचा नंबर आहे, पण तो तर बोटीवरच असणार. किनाऱ्यावरचं माणूस म्हणून तुझा दिलाय." त्या दिवशी मला केवढा मान मिळाल्यासारखं वाटलं. घरी आलेल्या प्रत्येकाला मी ते सांगितलं असेल.

नवरात्रात तो दोन दिवसांसाठी आला, तेव्हा तो बीकन बरोबर घेऊन आला. बॅटरी चालू होती, पण तिची कागदावरची मुदत संपली होती, येताना पुण्याच्या वर्कशॉपला टाकायचा होता, तर वर्कशॉप बंद. आणि दसऱ्याच्या सुट्टीतले पाहुणे बोटीसाठी ठरलेले, त्यामुळे सण सोडून लगेच परत पळायचं होतं. जाताना टॉवेलात गुंडाळून कपाटात खालच्या खणात ठेवला आणि म्हणाला, "दसरा झाला की कुरिअरनं पुण्याला पाठव. तोवर हात लावू नको त्याला." मी मान डोलावली. माझं सगळं लक्ष त्याच्या डब्यातल्या शेंगाचटणीचं झाकण नीट लागलंय का याकडे होतं.

अण्णा, तुम्हाला कुर्डुवाडीच्या क्वार्टरमधली खंडेनवमी आठवते का? मला ती पार वासासकट आठवते. तुम्ही ओट्यावर लाइन बॉक्स उघडून बसलाय, आई हातबत्तीच्या काचा राखेने घासतेय, झेंडे धुऊन दोरीवर वाळतायत, एक लाल, एक हिरवा. मी परकराचा ओचा खोवून प्रत्येक वस्तूला हळद-कुंकू लावत निघालेय. शिट्टीला लावलं, बत्तीला लावलं, पंचपाळं घेऊन मी फटाक्यांच्या त्या गोल डब्याकडे वळले, बोट ओलं होतं, आणि तुम्ही माझा हात असा हिसडलात की कुंकू सगळं ओट्यावर सांडलं. तुम्ही मला कधी हात लावला नव्हता. आई पण दचकली. तुम्ही म्हणालात, "त्येला न्हाय. धोक्याच्या वस्तूला पानी दावायचं न्हाय. कोरडं ठिवायचं आन् हात लावायचा न्हाय, हीच तिची पूजा." मी दिवसभर फुगून बसले होते. संध्याकाळी तुम्ही मला स्टेशनवर नेऊन भजी खाऊ घातलीत, पण चुकलं असं काही म्हणाला नाहीत. आता कळतं, चुकलं नव्हतंच.

एवढं शिकवलेलं मी कुठे टाकून आले, सांगता येत नाही. या खंडेनवमीला हे वैरागला गेले होते, शेतावरच्या अवजारांच्या पूजेला, आणि इथली पूजा माझ्याकडे. स्कूटर घरात येत नाही म्हणून मी सगळंच अंगणात मांडलं. माझी शिवणयंत्राची मान, कात्री, यांचा पाना, तुमची बत्ती, झेंडे. मांडून झालं आणि मनात आलं, पोराचंच काही नाही. त्याचं पोट ज्याच्यावर चालतं ते कपाटात अंधारात पडलंय आणि आपण कात्रीला फुलं वाहतोय. काढला बीकन. ओल्या फडक्याने स्वच्छ पुसला. त्याच्या अंगावर दोन धातूचे ठिपके आहेत, अगदी डोळ्यांसारखे. मी कुंकू कालवलं, जरा पातळच झालं होतं, आणि एका ठिपक्यापासून दुसऱ्या ठिपक्यापर्यंत बोटाने आडवा पट्टा ओढला. छान दिसला. वर झेंडूचं फूल ठेवलं. मी नैवेद्य आणायला आत गेले. तेवढ्यात शेजारच्या अक्का चटईवाल्या गल्लीतून परत येताना फाटकापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, यंदा लायटिंग बी लावली की तुमी!" बघते तर बीकनच्या डोक्यावरचा दिवा लुकलुकत होता. मला वाटलं, असतो तसा. शोभा आली, असंही वाटलं.

फोन आला तेव्हा मी पुरण वाटत होते. एक तरुण आवाज, शुद्ध मराठी, फार सावकाश बोलणारा. सावकाश बोलणाऱ्या माणसांची मला तेव्हापासून भीती बसलीय. त्याने बोटीचं नाव सांगितलं आणि विचारलं, "ही बोट तुमच्या ओळखीची आहे का? तुमचं कुणी आत्ता तिच्यावर आहे का?" मी म्हटलं, माझा मुलगा आहे. "मॅडम, घाबरू नका. या बोटीच्या बीकनकडून धोक्याचा सिग्नल येतोय. जागा अजून कळलेली नाही, जुन्या पद्धतीचा बीकन आहे, थोडा वेळ लागेल. मालकांचा फोन लागत नाही. बोट कधी निघाली, किती माणसं आहेत, रंग कोणता?" रंग पांढरा, खाली निळी पट्टी, एवढंच मला येत होतं. बाकी मला काहीच माहीत नव्हतं. आईला मुलाच्या शर्टाचं माप माहीत असतं, तो किती माणसांबरोबर पाण्यात आहे ते माहीत नसतं. फोन ठेवला आणि पोराला लावला, तर तो क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. पुन्हा. यांना लावला तर हे म्हणाले, "निघतो मी, मिळेल त्या यस्टीनं निघतो, तू धीर धर," आणि यांचाच आवाज फाटला.

त्या सगळ्यात मला हे का सुचलं नाही, असं तुम्ही विचाराल. हेही विचारतात. अण्णा, बीकन म्हणजे बोटीवर असतो, तो वाजला म्हणजे बोट बुडाली, एवढंच माझ्या डोक्यात होतं. अंगणातली ती वस्तू माझ्यासाठी तोवर पूजेतली झाली होती, तिच्यावर फूल होतं. मी तिच्यासमोरच जाऊन बसले. माझ्या हाताला पुरण लागलेलं, समोर तो दिवा लुकलुकतोय, आणि मी हात जोडून म्हणतेय, पोराला सांभाळ. ज्याच्यामुळे मुंबईला घंटा वाजत होत्या, त्यालाच मी साकडं घालत होते. अक्का माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि त्यांच्या तेलुगूत देवाला काहीतरी बोलत होत्या. मला आई आठवत होती, गाडीला उशीर झाला की ती पोळपाट पुढ्यात घेऊन न लाटता बसून राहायची. बाहेर रुळावर तुम्ही लाल बत्ती घेऊन एकटे मागे चालत गेला असाल, हे तिला माहीत असायचं. तिने मला कधी बोलून दाखवलं नाही. त्या दुपारी मला तिचा फार राग आला, हे असं बसून राहायचं असतं ते मला कधी शिकवलं नाही म्हणून.

दुसऱ्यांदा फोन आला. तोच आवाज, पण आता जरा गोंधळलेला. "मॅडम, जागा मिळाली. पण सिग्नल समुद्रातून येत नाहीये. सोलापूर शहरातून येतोय."

"मी सोलापुरातच आहे," मी म्हटलं.

त्याने सावकाश विचारलं, "तुमच्या आसपास पिवळ्या रंगाचं, वर अँटेना असलेलं एक यंत्र आहे का?"

मी बघितलं. त्याच्यावर फूल होतं, कुंकवाचा पट्टा अजून ओला होता.

मी कसं सांगितलं आणि त्याने कसं ऐकून घेतलं ते विचारू नका. तो हसला नाही, एवढे उपकार. "त्या दोन ठिपक्यांना ओल लागली की त्याला आपण पाण्यात पडलो असं वाटतं. कोरडं पुसा आणि बटण बंदवर करा," म्हणाला. मी पदराने पुसलं, पुन्हा पुन्हा पुसलं, दिवा विझला. अक्का हसायला लागल्या, मलाही रडत रडत हसू फुटलं. आणि मग त्या मुलाने फोनवर विचारलं, "मग बोटीवर आत्ता कोणता बीकन आहे?"

"हाच एक आहे," मी म्हटलं.

"म्हणजे बोट बीकनशिवाय आत गेलीय?"

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. तोवर मी बुडालेल्या पोरासाठी रडत होते, आता न बुडालेल्या पोरासाठी जीव घाबरा झाला. आधी निदान कुणीतरी हाक मारत होतं. आता खरंच काही झालं असतं तर हाक मारायलाही काही नव्हतं, ते माझ्या मांडीवर होतं. तो म्हणाला, संध्याकाळी तिकडे वारा वाढणार आहे, बोट रेडिओला उत्तर देत नाही, आम्ही बंदरातून गस्तीची बोट पाठवतो. मी फक्त हो हो म्हणत राहिले.

उन्हं उतरली तेव्हा पोराचा फोन आला. काय तापला होता! "आई, काय करायलीस तू? पाहुण्यांसमोर साहेब चढले की बोटीवर! रेडिओचा आवाज बारीक केला होता मालकानं, पाहुण्यांना त्रास नको म्हणून, त्याची पण खरडपट्टी निघाली. आता बीकन बसवल्याशिवाय बोट बंदराबाहेर काढायची नाही म्हणून लिहून घेतलंय." तो बोलत होता आणि मी ऐकत होते. मला ते रागावणं संपूच नये असं वाटत होतं. अगदी तुमच्यासारखा रागावतो, शब्द कमी आणि श्वास जास्त. तो थांबल्यावर मी विचारलं, "आजोबांची शिट्टी आहे का जवळ?" लग्नात तुम्ही मला दिलेली ती शिट्टी, सासरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. तुम्ही म्हणाला होता, "हाक पोचली न्हाय तर वाजीव. लाजू नगंस." मला कधी वाजवावी लागली नाही, म्हणून त्याला दिली. "आहे की," तो म्हणाला, आता जरा मऊ होऊन. "जॅकेटला बांधलीय."

हे झालं. आता तुम्हाला जे सांगायचंय ते सांगते. बोट बंदरात बांधलेली आहे, आणि त्यानंतर मला रोज शांत झोप लागतेय. पोर किनाऱ्यावर आहे, इंजिन पुसतंय, फोन उचलतंय. आणि ही सगळी शांती तुमच्या पेटीत टॉवेलात गुंडाळून ठेवलेली आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कुरिअरचा माणूस दारात आला होता. मी त्याला सांगितलं, पार्सल तयार नाही. तो पुन्हा आला, मी पुन्हा तेच सांगितलं. काल पोराने विचारलं, "पाठवलंस का?" आणि मी म्हटलं, "पाठवलं की."

मला तुमचा तो दिवस आठवतो, डब्याचा. तुम्ही घाईत डबा विसरून गेला होता आणि आईने मला स्टेशनकडे पिटाळलं होतं. मी धावतेय, चप्पल हातात घेतलीय, प्लॅटफॉर्मच्या टोकाला तुमच्या गाडीचा शेवटचा डबा दिसतोय. तुम्ही दारात उभे आहात, हातात गुंडाळलेला हिरवा झेंडा. तुम्ही मला पाहिलंत. मी ओरडले, अण्णा, थांबा. गार्डाने हिरवा दाखवल्याशिवाय ड्रायव्हरला गाडी हलवता येत नाही, हे मला तुम्हीच सांगितलेलं, त्यामुळे मला खात्रीच होती. तुम्ही माझ्याकडे बघत बघत झेंडा उघडलात, पुढे ड्रायव्हरची शिट्टी झाली आणि गाडी हलली. परत आलात तेव्हा मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही हातपाय धुता धुता म्हणालात, "आपल्या पोटासाटी गाडी थांबवायची नसती, बाळ. लाल दावायला कारन लागतं." तेव्हा मला तुम्ही दगडाचे वाटला होता. उपाशी माणूस, आणि तरी इतका ताठ.

माझ्याकडेही कारण नाही. भीती हे कारण धरत नसतील तुमच्या नियमात, हे मला ठाऊक आहे. आणि भीतीने मी काय करून ठेवलंय तेही आज सकाळी कळलं. पोराचा फोन आला, एकदम खुशीत. म्हणाला, "तू पाठवलंयस म्हणून मी मालकाला सांगितलं. पुण्याहून एक-दोन दिवसांत येईलच, तर ते म्हणतायत उद्या जवळच्या जवळ एक फेरी मारू, पाहुणे फार मागं लागलेत."  मी त्याला किनाऱ्यावर ठेवायला खोटं बोलले आणि त्याच खोट्यावर विश्वास ठेवून तो बीकनशिवाय पाण्यात निघालाय. मी ओरडले, जायचं नाही, अजिबात जायचं नाही, मी पाठवलेलं नाही, ते इथेच आहे.  तो म्हणाला, "बरं. नाही जात. पण आज पाठव, आई." एवढंच म्हणाला, रागावलाही नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

यांनी पेटी उघडून बघितली. खोकं आणलं, चिकटपट्टी आणली, पत्ता स्वतःच्या हाताने घातला. कुरिअरचं दुकान दुपारी बंद असतं, म्हणून आत्ताच निघायचंय. आता फक्त टॉवेलातलं ते यंत्र पेटीतून खोक्यात ठेवायचं आहे. बटण बंद आहे, मी तीनदा बघितलं. ठिपक्यांवरचं उरलंसुरलं कुंकू सुकून गेलंय, पण त्याचा तांबूस डाग राहिलाय, तो पुसायला मी पाणी वापरलेलं नाही. बाहेर स्कूटर सुरू झालीय. हे हॉर्न वाजवतायत, एकदा, मग जरा थांबून पुन्हा एकदा, तुमचा ड्रायव्हर वाजवायचा तसा.

मी आतून ओरडून सांगितलं, आलेच, अण्णांना एवढं पत्र लिहून होऊ दे. अण्णा, खरं सांगते, पत्र मघाशीच लिहून झालंय.